बांधावरचा फोटो आणि त्याचे भाडे



जोडधंदा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चार-दोन ठरलेल्या गोष्टी येतात. दुभती म्हैस, पाच-सहा शेळ्या, परसातल्या कोंबड्या, फार तर रेशीम किंवा मधमाश्या. गेली तीस वर्षे मीही गावोगाव हेच सांगत आलो. आज ज्या धंद्याविषयी लिहितो आहे त्याला गोठा लागत नाही, चारा लागत नाही आणि त्याचे भांडवल तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात आधीच आहे. मात्र त्यातला पैसा थोडा आहे, सावकाश येणारा आहे, आणि एका बाबतीत तो शेळ्या-कोंबड्यांपेक्षा फार जपून करावा लागतो. ती बाब माझ्या हातून एकदा चुकली आहे. तेही पुढे सांगतो.

धंदा आहे फोटो आणि चित्रफिती विकण्याचा.

हसू नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि लग्नाकार्याखेरीज ज्यांचा फोटोशी संबंध नव्हता असे म्हातारेही मोबाईल घेऊन बांधावर उभे राहिले. पीक विम्यासाठी नुकसानीचे फोटो काढणारे तर घरोघर आहेत. म्हणजे हाताला सवय झाली आहे. प्रश्न एवढाच की तलाठ्याला आणि विमा कंपनीला दाखवण्यापलीकडे या फोटोला कोणी गिऱ्हाईक आहे काय?

आहे. बियाण्याच्या कंपनीला पत्रकावर कांद्याच्या रोपाचा फोटो हवा असतो. शाळेच्या पुस्तकाला ज्वारीचे कणीस लागते. परदेशातल्या एखाद्या दूरचित्रवाणीला भारतातल्या पावसाविषयी बोलताना ओल्या रानाचे दहा सेकंदांचे चित्रण लागते. प्रत्येक वेळी छायाचित्रकार पाठवणे कोणालाच परवडत नाही. म्हणून ते तयार फोटोंच्या कोठारातून फोटो घेतात. स्टॉक म्हणजे साठा, म्हणून याला स्टॉक फोटो म्हणतात.

हे कोठार नवे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स नावाच्या छायाचित्रकाराने १९२० मध्ये असा धंदा सुरू केला. १९३५ मध्ये ओटो बेटमन हे ग्रंथपाल हिटलरच्या जर्मनीतून निसटले ते पेट्या भरून चित्रे घेऊन, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी त्या पेट्यांतून मोठा संग्रह उभा केला. आता पेट्या गेल्या, सारे इंटरनेटवर आले. २००० मध्ये कॅनडात आयस्टॉक निघाले, २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शटरस्टॉक निघाले. अ‍ॅडोबी या कंपनीने २०१५ मध्ये फोटोलिया नावाचे कोठार विकत घेऊन अ‍ॅडोबी स्टॉक सुरू केले. चित्रफितींसाठी पाँडफाइव्ह आहे. यांच्याकडे फोटो ठेवायला न्यूयॉर्कच्या माणसाला जेवढा हक्क आहे तेवढाच निफाडच्या किंवा वसमतच्या माणसाला आहे. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. वय मात्र १८ पूर्ण लागते.

विकायचे म्हणजे काय विकायचे, हे आधी नीट समजून घ्या. फोटो तुम्ही देऊन टाकत नाही. तुमचे मळणी यंत्र तुम्ही भाड्याने देता तेव्हा यंत्र तुमचेच राहते, वापराचे भाडे मिळते, तसेच हे आहे. फरक इतकाच की मळणी यंत्र एका वेळी एकाच खळ्यावर चालते, फोटो एका वेळी शंभर ठिकाणी चालू शकतो. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. फोन कोणाच्या नावावर आहे, शेत कोणाच्या नावावर आहे, याला महत्त्व नाही. लेकीने काढला असेल तर तो लेकीचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मागे ६० वर्षे टिकतो, म्हणजे जमिनीसारखा तो वारसांकडे जातो. हेच उलट बाजूनेही लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सुंदर फोटो तुमचा नव्हे. तो आपला म्हणून कोठारात टाकणे ही चोरी आहे.

माझ्याविषयी एक खुलासा करतो, कारण वाचक विचारतीलच. माझ्याकडे कीड-रोगांचे शेकडो फोटो आहेत, पण त्यांतला एकही मी विकलेला नाही. सरकारी कामात काढलेल्या फोटोचा पहिला मालक सरकार असते. शिवाय नोकरीत असताना खासगी धंदा करायला वर्तणूक नियमांची आडकाठी आहे. घरात कोणी सरकारी नोकर असेल तर त्याच्या नावाने खाते उघडू नका.

तेव्हा पुढे लिहितो ते आमच्या तालुक्यातल्या एका जोडप्याच्या अनुभवावरून. डाळिंब आणि कांदा करणारे हे घर आहे. खाते वहिनींच्या नावावर आहे. फोटो बहुतेक त्याच काढतात, यजमान सामान धरतात, आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी इंग्रजीत माहिती भरते. या कामी मी त्यांच्या ओसरीवर अनेकदा बसलो आहे आणि त्यांच्याबरोबर शिकलो आहे.

पहिल्या हप्त्यात त्यांनी साठ फोटो पाठवले. कोठारात प्रत्येक फोटो तपासला जातो. साठांपैकी नऊ पास झाले. वहिनी हिरमुसल्या, पण नापासाची कारणे वाचली तेव्हा लक्षात आले की एकही कारण गैर नव्हते. काही फोटो वाऱ्याने पान हलल्यामुळे अस्पष्ट होते. काही दिवेलागणीला काढलेले, त्यामुळे दाणेदार. एकाच डाळिंबाचे बारा फोटो होते, त्यांतला एकच घेतला. काहींत खताच्या गोणीवरचे, औषधाच्या बाटलीवरचे आणि ट्रॅक्टरवरचे कंपनीचे नाव दिसत होते. जाहिरातीसाठी जाणाऱ्या फोटोत दुसऱ्या कंपनीचे नाव किंवा चिन्ह चालत नाही. आणि आठ-दहा फोटोंच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापलेले होते! विम्याच्या फोटोला ते लागते, इथे तेच चालत नाही. फोनमधली ती सोय आधी बंद करा. फोनच्या कंपनीचे नाव फोटोवर उमटत असेल तर तेही बंद करा.

यंत्राविषयी फार काळजी नको. अ‍ॅडोबीला किमान चार मेगापिक्सेलचा फोटो लागतो. आजचे बरेचसे साधे फोन बारा मेगापिक्सेलचे किंवा त्याहून अधिक असतात. काढण्यापूर्वी भिंग स्वच्छ मऊ सुती कापडाने पुसा. आपल्या फोनच्या भिंगावर घामाचा आणि तेलाचा थर असतोच. बोटांनी चित्र मोठे करून फोटो काढू नका, स्वतः दोन पावले पुढे जा. ऊन्ह डोक्यावर असताना काढलेला फोटो रखरखीत येतो. सकाळी सूर्य वर आल्यापासून दीड-दोन तास आणि संध्याकाळचा तेवढाच वेळ चांगला. फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपने पाठवाल तर तो बारीक होतो आणि कामातून जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ तार लावून संगणकावर घ्या.

चित्रफितीला फोन आडवा धरा. पाच सेकंदांपासून साठ सेकंदांपर्यंतची फीत बहुतेक कोठारे घेतात. या वेळात फोन हलता कामा नये. ट्रायपॉड नसेल तर वाळू भरलेली पिशवी खांबावर ठेवून तिच्यावर फोन टेकवा. मागे गाणे वाजत असेल तर आवाज काढून टाका, गाण्याचा हक्क दुसऱ्याचा असतो.

आता खरा प्रश्न, काय काढायचे?

सूर्योदय, हिरवे रान, डोलणारे कणीस असले फोटो काढावेसे वाटतात. काढा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. असे फोटो कोठारात लाखोंनी पडून आहेत. शिवाय २०२२ पासून नुसते शब्द टाईप केले की चित्र काढून देणारी संगणकाची यंत्रणा सर्वांच्या हाती आली. अ‍ॅडोबी तसली चित्रेही, ती यंत्राने केली आहेत असे लिहून घेऊन, विकायला ठेवते. सुंदर शेताचे चित्र यंत्र क्षणात काढते आणि त्याला चिखलात उतरावे लागत नाही. त्या बाजारात तुम्ही उतरू नका.

यंत्राला जे ठाऊक नाही ते तुमच्या रानात आहे. २०१८ मध्ये मक्यावरची लष्करी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, आपल्या देशात प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. त्या हंगामात आम्हा विस्ताराच्या लोकांना तिचा स्वच्छ फोटो हवा होता. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार ठिपके, ही तिची ओळख. हे दोन्ही एका फोटोत स्पष्ट दाखवणारे चित्र मिळेना. आणि अळी तर शेतकऱ्याच्या हातात होती! डाळिंबावरच्या तेल्याचेही तसेच. तेल्याचा डाग तेलकट, पाणी भिनल्यासारखा दिसतो आणि फळावर वाढला की तिथे तडा जातो. बुरशीचा डाग निराळा. आज पहिला ठिपका, चार दिवसांनी तोच, आणखी आठवड्याने तोच, अशी मालिका बागेत राहणाऱ्यालाच काढता येते. शहरातला छायाचित्रकार एक दिवस येतो आणि जातो.

तसेच आपले उद्योग घ्या. कांद्याची चाळ, तासगावकडची बेदाण्याची शेड, कोल्हापूरचे गुऱ्हाळ, हिंगोलीकडे हळद शिजवणे, कोकणात भाताचा राब भाजणे. बाहेरच्या माणसाला यांतले कितीतरी शब्दसुद्धा माहीत नसतात. वहिनींनी चाळीत कांदा निवडतानाची वीस सेकंदांची चित्रफीत घातली. तिच्या एका विक्रीने जे दिले ते आधीच्या वीस फोटोंनी मिळून दिले नव्हते.

एक युक्ती सांगतो, ती कोणत्याही पिकाला लागू आहे. पेरणीच्या दिवशी बांधावर एक खुंटी ठोका. दर रविवारी सकाळी एकाच वेळी त्याच खुंटीवर फोन टेकवून त्याच दिशेला फोटो घ्या. काढणीपर्यंत चुकवू नका. उगवण, फुटवे, फुलोरा, पक्वता अशी साखळी तयार होते. पाठ्यपुस्तके आणि प्रशिक्षण पुस्तिका यांना नेमके हेच लागते, आणि विकले न गेले तरी तुमच्या पिकाची पुढच्या वर्षासाठी नोंद राहते.

फवारणीचा फोटो काढणार असाल तर आधी तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे बघा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी माणसे गेली. उघड्या तोंडाने फवारणाऱ्याचा फोटो कोणाच्या तरी पत्रकावर छापून यायचा आणि तीच रीत म्हणून लोक बघायचे, असे नको.

फोटोला नाव आणि खुणेचे शब्द इंग्रजीत द्यावे लागतात. शटरस्टॉक पन्नास शब्दांपर्यंत घेते, अ‍ॅडोबी एकोणपन्नास, आणि अ‍ॅडोबीकडे पहिल्या दहा शब्दांना जास्त वजन आहे. हे शब्द म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल समजा. नुसते 'शेत' असे लिहाल तर तुमचा फोटो ढिगाऱ्यात गाडला जाईल. पिकाचे नाव, शास्त्रीय नाव, वाढीची अवस्था, काम कोणते चालले आहे, गाव-जिल्हा, महिना, हे लिहा. आणि खरे लिहा. माव्याच्या फोटोला तुडतुडे म्हणाल तर तो फोटो वापरून कोणीतरी चुकीचे औषध सुचवील. शंका आली तर कृषी सहायकाला विचारा, त्याला एवढे तरी यायलाच हवे.

पैशाचे स्पष्ट बोलतो. अ‍ॅडोबी फोटोच्या किमतीतले ३३ टक्के आणि चित्रफितीचे ३५ टक्के देते. शटरस्टॉक १५ टक्क्यांपासून सुरुवात करते. विक्री वाढेल तसा टक्का वाढतो, पण १ जानेवारीला सगळ्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर आणून बसवतात. ही पद्धत त्यांनी जून २०२० मध्ये आणली आणि जगभरच्या छायाचित्रकारांनी तेव्हा बरीच ओरड केली. तिथे एका फोटोला कमीत कमी दहा सेंट मिळतात. दहा सेंट म्हणजे आठ-नऊ रुपये, एका चहाचे पैसे. कधी त्याच फोटोला दोन-तीन डॉलरही येतात, पण ते रोजचे नव्हे. अ‍ॅडोबीकडे २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत.

आमच्या जोडप्याचे पहिल्या वर्षाअखेर चौऱ्याण्णव फोटो कोठारात होते, अडतीस वेळा विक्री झाली, आणि खात्यावर सोळा डॉलर दिसत होते. म्हणजे हातात एक रुपयाही नाही! यजमान म्हणाले, "एवढ्यात दोन करड्या घेतल्या असत्या तर बोकड-पाट झाले असते." ते खोटे नव्हते. दुसऱ्या वर्षी दोनदा पैसे आले, दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत. त्यातून त्यांनी ट्रायपॉड आणि फवारणीचा चांगला मास्क घेतला. तेव्हा कर्ज काढून कॅमेरा घेण्याचा विचार कोणी मनात आणू नका. 'घरबसल्या फोटो विकून महिन्याला लाख रुपये' शिकवणारे वर्ग निघाले आहेत, त्यांची फी भरू नका. नाव नोंदवण्यासाठी पैसे मागणारा किंवा फोनवर आलेला ओटीपी विचारणारा माणूस कोठाराचा नसतो, लबाड असतो.

कराचे दोन शब्द. शेतीचे उत्पन्न आयकरातून मोकळे आहे, फोटोचे नाही, मग तो तुमच्याच शेताचा का असेना. पॅन लागते. अमेरिकन कंपन्या डब्ल्यू-८ बेन नावाचा अर्ज भरून घेतात. तो नीट भरला तर अमेरिकेतल्या विक्रीवर भारत-अमेरिका कराराप्रमाणे १५ टक्के कापतात, न भरला तर ३० टक्के.

आता त्या बाबीकडे येतो.

२०१३ च्या दुष्काळाचा उन्हाळा. शहरातून एक छायाचित्रकार पंचायत समितीत आले आणि म्हणाले, दुष्काळाची गावे दाखवा. मीच त्यांना माझ्या मोटारसायकलवर घेऊन फिरलो. एका वाडीत आमचे ओळखीचे एक शेतकरी, त्यांना सारे गाव आबा म्हणते, दोन माणसे घेऊन विहिरीतला गाळ काढत होते. दुपारी भाकरी खाऊन ते विहिरीच्या कडेला टेकले. ऊन्ह लागून डोके दुखत होते, म्हणून उपरणे डोक्यावर घेऊन त्यांनी कपाळ दोन्ही हातांत धरले. छायाचित्रकार म्हणाले, असेच बसा. आबांनी माझ्याकडे बघितले. "साहेब, काही वावगं नाही ना?" मी म्हणालो, "नाही हो आबा, दुष्काळाची बातमी आहे. चार फोटो छापून आले तर टँकर लवकर येईल." आबा बसले.

फोटो बातमीत आला. टँकरही आला, पण तो फोटोमुळे नव्हे. ही गोष्ट मी विसरून गेलो.

अडीच वर्षांनी तोच फोटो एका पुरवणीत शेतकरी आत्महत्यांच्या लेखावर मोठा करून छापला गेला. खाली नाव नाही, गाव नाही. आबांची थोरली लेक लांबच्या गावी दिलेली. तिच्या दिराने पेपर आणून दाखवला. तिने फोन लावला, तो लागेना, आबा रानात होते. बाई तशीच एसटीत बसली आणि रडत संध्याकाळी वाडीला पोचली. आबा गोठ्यात धार काढत होते.

हे इथेच संपले असते तर आपण हसून सोडून दिले असते. पण धाकटीची सोयरीक त्याच सुमारास ठरत आली होती. पाहुण्यांकडून निरोप येणे बंद झाले. कारण कोणी सांगितले नाही. आबांच्या नावावर तेव्हा सोसायटीचे कर्जसुद्धा नव्हते. पण बाजारात भेटणारा प्रत्येक जण वर्षभर हळू आवाजात विचारी, "आबा, बरं आहे ना?" मुलीचे लग्न पुढे दोन वर्षांनी झाले, चांगल्या घरी झाले. त्या दोन वर्षांत आबांच्या ओसरीवर जायला माझे पाय धजावत नव्हते.

मी त्या वृत्तपत्राला पत्र लिहिले. उत्तर आले की फोटो कोठारातून रीतसर पैसे देऊन घेतला आहे. छायाचित्रकार म्हणाले, बातमीच्या वापराला संमतीपत्र लागत नाही. दोघांचेही म्हणणे नियमाला धरून होते. कोठारात दोन प्रकारचे फोटो असतात. जाहिरातीसाठी जाणाऱ्या फोटोत माणूस ओळखू येत असेल तर त्याची लेखी संमती लागतेच. बातमी-लेखासाठीच्या फोटोला ती लागत नाही. आणि एकदा कोठारात गेलेला फोटो कोण, कधी, कशावर लावील हे काढणाऱ्यालाही कळत नाही. परवान्यात माणसाची बदनामी करू नये अशी अट असते, पण ती अट मोडली हे वाडीतल्या माणसाला कळणार कसे? 'दुष्काळाची बातमी आहे' असे मी त्या दिवशी सांगितले ते खरे होते. फक्त ते पहिल्या दिवसापुरतेच खरे होते.

म्हणून वहिनींना मी पहिल्या दिवशी हेच सांगितले आणि तुम्हालाही सांगतो. बातमीचा प्रकार असो की जाहिरातीचा, ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो लेखी संमतीवाचून कोठारात टाकू नका. संमतीचा छापील नमुना कोठारेच देतात. प्रत्येक माणसाचा वेगळा भरायचा, साक्षीदाराची सही घ्यायची, लहान मूल असेल तर आई किंवा वडिलांची. नमुना इंग्रजीत असेल तर त्याचा अर्थ मराठीत वाचून दाखवा. वाचताना हे लपवू नका की फोटो परदेशातही छापला जाईल, कोणत्या मजकुरावर लागेल ते आपल्याला ठाऊक नाही, आणि एकदा विकला गेलेला फोटो परत आणता येत नाही. निंदणीला आलेल्या बाईचा फोटो असेल तर तिला स्वतःला विचारा. तिच्या नवऱ्याने किंवा मुकादमाने 'काढा हो' म्हटले म्हणून भागत नाही. तुम्ही मालक आणि ती मजुरीला आलेली, अशा वेळी तिचा होकार हा खरा होकार आहे की भिडेचा, हेही बघा. वहिनी तर मजुरी चालू असताना विचारतच नाहीत. हिशेब चुकता झाल्यावर, सुटीच्या दिवशी, तिच्या घरी जाऊन विचारतात. संमतीपत्रात मोबदल्याचा उल्लेख असतो, म्हणून फोटोच्या वेळेची पूर्ण हजेरी त्या वेगळी देतात. चौघींनी नाही म्हटले, तिघींनी हो म्हटले.

चेहरा न दाखवताही पुष्कळ काम होते. माती चाळणारी बोटे, ओंजळीतले बी, पाठमोरी रोपे लावणारी रांग, बैलाच्या वेसणीवरचा हात. हे फोटो चांगले जातात. फक्त हातावर ओळखू येईल असे गोंदण किंवा नाव असेल तर तोही चेहराच समजायचा.

गेल्या ज्येष्ठात वहिनींना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा चेहरा हवा होता. त्यांच्या मनात आबाच होते, कारण तसा चेहरा आमच्या भागात दुसरा नाही. त्यांना जुनी हकिकत माहीत होती, म्हणून त्यांनी मला बरोबर नेले. आबांनी आता सत्तरी ओलांडली आहे. चहा झाला. मी संमतीपत्र काढले आणि ओळीन् ओळ मराठीत वाचून दाखवली. आबांनी ऐकून घेतले.

"यात कुठं छापणार ते लिहिलंय का?"

"नाही आबा. ते कोणालाच माहीत नसतं."

"मग साहेब, तोंड नको. तुम्हाला काढायचाच तर हाताचा काढा."

त्यांनी कणगीतून तुरीचे घरचे बी ओंजळीत घेतले आणि अंगणात उन्हाला उभे राहिले. वहिनींनी आठ फोटो काढले. कोठाराने त्यांतले दोन घेतले. आबांनी हजेरीचे पैसे घ्यायला नाही म्हटले, तेव्हा वहिनींनी ते सूनबाईच्या हातात ठेवले.